वेबसाइटचे मुखपृष्ठ आखताना

मुखपृष्ठ तयार करायला बसल्यावर रंग आणि छायाचित्रे निवडण्याचा मोह आवरावा आणि प्रथम कागदावर एवढेच लिहून काढावे की, येथे येणारे बहुसंख्य लोक कोणत्या कामासाठी येतात. तीन-चार कामे निघतील. त्यांचा महत्त्वानुसार क्रम लावावा. मांडणी म्हणजे मुख्यतः हा क्रम डोळ्यांना जाणवेल असे करणे होय. संस्थेतल्या प्रत्येक विभागाला अगदी वरची जागा हवी असते, आणि सर्वांचे मन राखता राखता पानाचा सूचनाफलक होतो. म्हणून हा क्रम संबंधितांकडून आधीच मान्य करून घ्यावा.

स्क्रोल न करता जेवढा भाग दिसतो, त्यात ही वेबसाइट कोणाची आहे, ती कोणासाठी आहे आणि येथे काय करता येते, हे कळले पाहिजे. ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ या शीर्षकातून यातले काहीच कळत नाही, तरीही ते सर्वांत मोठ्या अक्षरांत झळकत असते. त्याऐवजी काम सांगणारे एक साधे वाक्य आणि त्याखाली एकच ठळक बटण द्यावे. बटणावरही ‘अधिक माहिती’ असे मोघम न लिहिता ‘नोंदणी करा’ किंवा ‘नमुना पाहा’ असे नेमके लिहावे. दुसरे बटण आवश्यकच असेल, तर ते फिकट ठेवावे.

याच जागी आपोआप सरकणारी चित्रमालिका लावण्याची पद्धत आहे. माझ्या मते ती बहुधा वाचकाच्या सोयीसाठी नसून विभागांमधला वाद मिटवण्यासाठी असते. ती ठेवायचीच असेल, तर थांबवण्याचे बटण द्यावे. पाच सेकंदांहून अधिक काळ आपोआप हलणाऱ्या मजकुराबाबत सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची तशी अपेक्षाच आहे.

वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये २३२ जणांच्या नजरेच्या हालचालींवरून दाखवून दिले की, लोक पानाचा वरचा भाग आडवा वाचतात, थोडे खाली येऊन पुन्हा आडवी नजर टाकतात आणि मग डाव्या कडेने उभे उतरत जातात. या वाटेचा आकार इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखा दिसतो. अनेक जण हा आकार आदर्श मानून त्याबरहुकूम पान आखतात, पण तो गैरसमज आहे. सलग, उपशीर्षके नसलेला मजकूर समोर आला की वाचक अशी पळवाट शोधतो. उपाय असा की, प्रत्येक भागाला स्वतंत्र उपशीर्षक द्यावे, त्यातले अर्थवाही शब्द आरंभीच आणावेत आणि दोन भागांमध्ये मोकळी जागा सोडावी. देवनागरीत ओळींमधले अंतरही थोडे अधिक लागते, कारण वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडू लागतात.

आराखडा आधी मोबाइलच्या अरुंद पडद्यासाठी काढावा. तेथे एकच स्तंभ मावत असल्यामुळे आधी काय आणि नंतर काय, हा निर्णय टाळता येत नाही. बटणे बोटाने सहज दाबता यावीत म्हणून ती साधारण ४४ पिक्सेल उंच ठेवावीत. नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणातील तफावतीचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, छायाचित्रावर थेट लिहिलेली पांढरी अक्षरे येथेच नापास होतात.

वेगाचाही विचार आराखड्यातच व्हावा. गूगलच्या निकषानुसार पडद्यावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, आणि तो घटक पुष्कळदा वरचे मोठे छायाचित्रच असते. ते वेबपी या कमी जागा घेणाऱ्या चित्र-स्वरूपात लहान करून घ्यावे आणि त्याची रुंदी-उंची आधीच नमूद करावी, म्हणजे ते उशिरा उमटले तरी खालचा मजकूर उडी मारणार नाही. फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीत, संपर्क आणि धोरणांचे दुवे पुरेत.

कच्चा आराखडा झाला की तो संस्थेबाहेरच्या चार-पाच जणांना पाच-पाच सेकंद दाखवून झाकावा आणि ही वेबसाइट कशाची होती, असे विचारावे. उत्तरे वेगवेगळी आली, तर रंगांना हात न लावता पहिले वाक्य पुन्हा लिहावे.