टायर आतून खातोय का? गाडीखाली न झोपता घरच्या घरी कसं बघायचं

आमच्या सोसायटीत कुणी गणपतीला गावी निघालं की आदल्या रात्री मला पार्किंगमधून हाक येते, जरा टायर बघ रे. आणि मी खाली पोचेपर्यंत त्या माणसाने टायरला एक लाथ घालून ‘ठणठणीत आहे’ असं स्वतःच ठरवून टाकलेलं असतं. लाथ मारून फार तर चप्पल किती मजबूत आहे ते कळतं. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय टेन असल्या आपल्या रोजच्या गाड्यांचे पुढचे टायर बऱ्याचदा जिथून संपतात ती जागा उभ्या माणसाला दिसतच नाही. ती असते आतली कड, इंजिनाच्या बाजूची. बाहेरून नक्षी नवीकोरी आणि आतून तार निघालेली, असा टायर मी स्वतः पुणे-सातारा रस्त्यावर पळवलाय, त्यामुळे हे सगळं लिहितोय.

सोपी कामं आधी उरकून घेऊ.

हवा सकाळी बघा, गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना. स्वतःचा गेज घ्या, पंपावरच्या गेजवर माझा विश्वास नाही, एकाच सकाळी दोन पंपांवर ४ पीएसआयचा (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) फरक बघितलाय. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावरच्या स्टिकरवर असतो, बऱ्याच गाड्यांत पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल तर तोच पाळा. टायरवर ४४ नाहीतर ५१ पीएसआय असं जे कोरलेलं असतं ती कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची नसते. नायट्रोजनवर वाद घालणार नाही, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, उरलेल्यासाठी पैसे द्यायचे का ते तुमचं तुम्ही ठरवा.

एका सल्ल्यावर मात्र माझं डोकं फिरतं. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, गरम होऊन टायर फुटतो.’ अहो उलटं आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, प्रत्येक फेरीला त्याची बाजू वाकते आणि सरळ होते, त्या वाकण्यानेच तो आतून तापतो, आणि हायवेवर तासभर सलग पळवला की तिथेच जातो. १० अंश तापमान वाढलं तर दाब साधारण दीड पीएसआय वाढतो, स्टिकरवरचा आकडा देताना कंपनीने ते धरलेलंच असतं. मे महिन्यात पण स्टिकरचाच आकडा भरा.

तारीख बघा. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, १४२१ म्हणजे २०२१ सालचा १४ वा आठवडा. बाहेर सापडले नाहीत तर आतल्या बाजूला असतील, काही टायरवर ते एकाच बाजूला छापतात. मी सहा वर्षांच्या वर टायर ठेवत नाही, नक्षी कितीही शिल्लक असो, कारण रबर कडक होतं आणि पहिल्या पावसात ब्रेक दाबल्यावर ते समजतं. जुनी गाडी घेताना तर हे पहिलं बघा, मीटर मागे फिरवता येतो, टायरवरची तारीख नाही.

नक्षी किती उरलीय हे बघायला नाणं खुपसू नका. ते नाण्याचं खूळ अमेरिकेतून आलंय, तिथल्या पेनीवर लिंकनचं डोकं असतं आणि नाण्याच्या कडेपासून त्या डोक्यापर्यंतचं अंतर साधारण १.६ मिमी भरतं, नाणं खाचेत उलटं घालून डोकं पूर्ण दिसलं की टायर संपला, म्हणून तिथे ते चालतं. आपल्याकडे एक रुपयाचीच चार प्रकारची नाणी खिशात निघतात, त्यातलं कुठलं खुपसणार? टायरच्या खाचेत तळाशी रबराची छोटी आडवी पट्टी असते, बाजूवर टी डब्ल्यू आय अशी अक्षरं किंवा त्रिकोण असतो त्या रेषेत शोधायची. नक्षी झिजून त्या पट्टीच्या लेव्हलला आली म्हणजे १.६ मिमी उरली, तिथे कायद्याने टायर संपला. मी ३ मिमीला बदलतो, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असतो आणि साचलेलं पाणी बाहेर फेकायला खाच खोल लागते.

आता मुख्य काम. इथे मी एकदा चांगलाच आपटलोय.

माझे पुढचे टायर २२ हजार किलोमीटर चाललेले होते, बाहेरून एकदम मस्त. तीन आठवड्यांपूर्वीच अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर मोजून सरळ लावणं) करून घेतलेलं, कागदावर सगळे आकडे हिरवे. शिरवळ सोडलं आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं, मला वाटलं रस्ता खराब आहे, पुढे रस्ता गुळगुळीत आला तरी थरथर तशीच. खंबाटकीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, खाली उतरून चारी टायर बघितले, काहीच दिसेना. बायको म्हणाली, आत बघितलंस का? मी डाव्या पुढच्या टायरच्या आतल्या बाजूला हात घातला आणि झटकन बाहेर काढला, बोटातून रक्त. आतल्या कडेला दोन बोटं रुंदीचा पट्टा पूर्ण गुळगुळीत आणि त्यातून स्टीलच्या बारीक तारा ब्रशसारख्या बाहेर आलेल्या. त्या टायरवर आम्ही चौघं ९० च्या स्पीडने आलो होतो.

तर ही कड कशी बघायची. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवा (बंद गाडीत जोर लावून फिरवू नका) आणि मग इंजिन बंद करून किल्ली खिशात टाका. आता डाव्या चाकाची मागची बाजू बाहेर आलेली असते, तिथे उकिडवं बसलं की टायरची पूर्ण रुंदी दिसते, आतल्या कडेसकट. उजव्या चाकाची पुढची बाजू बाहेर येते, ते पुढून बघायचं. जॅक लागत नाही, गाडीखाली झोपावं लागत नाही, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी डोकं घालत असेल तर त्याला तिथून ओढून बाहेर काढा.

पण एवढ्यावर थांबू नका, मी सुरुवातीला इथेच चुकायचो. तुम्हाला टायरचा एक तुकडा दिसतोय, बाकीचा जमिनीवर आणि वर मडगार्डमध्ये आहे. खडूने टायरच्या बाजूवर एक रेघ मारा म्हणजे चाक किती फिरलं ते कळेल, गाडी जराशी पुढे घ्या, परत बघा, परत पुढे, असं तीन वेळा. टायर नेहमी गोल सारखा झिजत नाही, कधीकधी ठिकठिकाणी खळगे पडतात, ते शॉकअप गेल्याचं लक्षण असतं, आणि एकाच जागी बघितलं तर नेमका चांगला भाग समोर येतो. मागच्या चाकांसाठी मोबाइलचा फ्लॅश लावून व्हिडिओ चालू करा, फोन मागून गाडीखाली धरा आणि टायरच्या आतल्या कडेवरून सावकाश फिरवा, मग आरामात उभं राहून बघा. मागचे टायर कुणीच बघत नाही.

डोळ्याने बघून झालं की हाताने. आधी हात नाही, जुना सुती फडका फिरवा. धागा अडकला तर तार आहे, विषय संपला, तो टायर उतरवायचा. फडका सुरळीत फिरला तर तळहात नक्षीवर आडवा फिरवा, बाहेरून आत, मग आतून बाहेर, अगदी सावकाश. चांगल्या टायरवर दोन्ही बाजूंनी सारखंच लागतं. एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं तर समजा चाक सरळ चालत नाहीये, तिरकं घासत चाललंय, याला मेकॅनिक टो बिघडला म्हणतात. चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर ते मशीनला शोधू दे. मजा अशी की डोळ्याला झीज दिसायच्या आधी हाताला ही खरखर कळते, म्हणजे हजार-दोन हजार किलोमीटर आधीच. पहिल्यांदा मला काही कळलं नव्हतं, मग शेजारच्या नव्या गाडीच्या टायरवर हात फिरवला, परत माझ्या टायरवर फिरवला, तेव्हा फरक लागला. तुम्हीही तसंच करा, फक्त शेजाऱ्याला आधी सांगा.

बाकी झिजेचं वाचन सोपं आहे. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत, म्हणजे हवा कमी असते. मधलीच गेली, म्हणजे जास्त. एकच कड गेली तर अलाइनमेंट किंवा खालचा एखादा पार्ट. बाजूवर फुगा आला असेल तर खड्ड्यात आदळून आतले धागे तुटलेत, त्यावर कुठलंही ठिगळ चालत नाही, मग पंक्चरवाला काहीही म्हणो.

आता ‘अलाइनमेंट करून घ्या’ एवढंच सांगून लोक मोकळे होतात ना, तिथेच माझे पैसे गेले. अलाइनमेंट झालेलं होतं, मग टायर का खाल्ला? कारण टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा टोकाचा सांधा, सैल होता. मशीनवर गाडी उभी असते तेव्हा चाक गुपचूप बसतं, आकडे हिरवे येतात, रस्त्यावर आलं की ते आपल्या मनाने डुलतं. ज्या दुकानात केलं तिथल्या कुणीही चाक हलवून बघितलं नव्हतं. टायर दाखवायला परत गेलो तर काउंटरवरचा म्हणतो, साहेब आपले रस्तेच असे, टायर असाच जातो. अरे मग उजवा का नाही गेला, तो काय दुसऱ्या रस्त्याने आला होता का?

म्हणून अलाइनमेंटच्या आधी, त्यांच्याच लिफ्टवर चाकं अधांतरी असताना, तुमच्यासमोर चाक हलवून दाखवायला सांगा. घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी दोन्ही हात धरून आडवं हलवलं आणि टकटक झालं तर टाय रॉड किंवा स्टेअरिंगची रॅक. १२ आणि ६ ला धरून उभं हलवलं आणि खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. आधी तो पार्ट बदलायचा, मग अलाइनमेंट. उलट क्रमाने केलं तर दोन वेळा पैसे भराल. हवा पण आधी बरोबर करून घ्या, आणि आधीचा व नंतरचा असे दोन्ही प्रिंटआउट मागा, नुसता नंतरचा देत असतील तर दुकान बदला. अजून एक, आपल्या छोट्या गाड्यांत सहसा पुढच्या चाकांचा टो तेवढा सेट होतो, मागे दोन्ही चाकांना जोडणारा सरळ बीम असतो त्याला फिरवायला काहीच नसतं, त्यामुळे ‘मागचं पण करून देतो, एवढे जादा’ असं कुणी म्हणालं तर नेमकं काय फिरवणार ते दाखवा म्हणायचं.

ते करून झालं की ५०० किलोमीटरनंतर परत तळहात फिरवा. जुनी खरखर लगेच जात नाही, पण ती वाढलेली नसावी. मी दर वेळी आतल्या कडेचा फोटो काढून ठेवतो, आठवण कोण ठेवणार.

टायर दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे मागे करा, पुढचे सरळ मागे आणि मागचे तिरके पुढे. बाजूवर बाण असेल तर तिरके नाही, बाजू तीच ठेवायची.

दोनच नवीन घेत असाल तर ते मागे टाका. दुकानदार पुढे टाकतो म्हणेल, ओढणारी चाकं पुढची आहेत असं सांगेल, त्याचं ऐकू नका. पावसात पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की परत हातात येते. मागचे घसरले तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं तुमच्याआमच्याकडून होत नाही. समृद्धीसारख्या रस्त्यावर १२० ला परवानगी आहे म्हणून तुमच्या टायरलाही परवानगी आहे असं धरू नका, तिकडे निघायच्या आदल्या दिवशी हे सगळं परत बघायचं, आतल्या कडेसकट.

आणि स्टेपनी. त्या दिवशी खंबाटकीला नट सुटले, जॅक लागला, सगळं नीट झालं आणि स्टेपनीत निघाली १४ पीएसआय हवा, कारण चार वर्षांत तिच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. ४० च्या वर न जाता, हॅझर्ड लावून, मागून ट्रकवाल्यांचे हॉर्न खात पुढच्या पंपापर्यंत गेलो. आता मी तिच्यात स्टिकरपेक्षा ३-४ पीएसआय जास्तच भरून ठेवतो, वापरताना कमी करता येते. तुमची स्टेपनी बाकीच्या टायरपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळा. आणि नवीन गाडीत स्टेपनी आहे का हे आधी डिकी उघडून बघा, २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवा दाखवणारे सेन्सर आणि पंक्चर किट दिलं असेल तर स्टेपनी न देण्याची कंपन्यांना मुभा आहे. माझ्या मेव्हण्याला हे ताम्हिणीत कळलं, रात्री साडेनऊला.