समाजमाध्यमांवरील जाहीर टीका : या चुका टाळा

गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर रोज कोणाची तरी जाहीर झडती चाललेली असते आणि तिच्यात त्याच त्या चुका होताना पाहून मी थकलो आहे. टीकेला माझा विरोध नाही. नवा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला, तर नाव घेऊन बोललेच पाहिजे.

सर्वांत वाईट चूक म्हणजे जो समोर दिसतो त्यालाच दोषी धरणे. तीन वर्षांपूर्वी ऐन जूनमध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर फणसाची फांदी तारांवर पडली आणि रात्रभर वीज नव्हती. सकाळी तिठ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी लाइनमन रबरी हातमोजे मांडीवर ठेवून बसलेला दिसला. मी लांबूनच फोटो काढला आणि ‘लोक अंधारात, हे चहात’ अशी ओळ लिहून गटावर टाकला. दुपारपर्यंत लोकांनी त्याचे नाव, घर, मुलीची शाळा, सगळे शोधून काढले. संध्याकाळी काम संपवून तो माझ्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, “सर, लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय तारेला हात लावला, तर मी घरी परत जायचो नाही.” पुरवठा बंद केल्याची खात्री येईपर्यंत थांबणे हा त्याच्या कामाचाच भाग होता आणि मी त्यालाच आळस ठरवले होते. विचारायला मला वीस पावले चालावे लागले असते.

तेव्हापासून ज्याच्याविषयी लिहायचे त्याला मी आधी विचारतो, मजकूर वहीत लिहून रात्रभर ठेवतो आणि सकाळी पाहतो, की निर्णय घेणाऱ्यापर्यंत ही टीका पोचते आहे की हाताखालच्या माणसावरच कोसळते आहे. तोवर विषय शिळा होईल, असे नवी, उतावळी मंडळी म्हणतात. एका रात्रीत शिळी होणारी तक्रार मुळात जाहीर करण्याजोगी नसते, असे माझे ठाम मत आहे.

‘खरे आहे ना, मग झाले’ ही दुसरी चूक. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये खऱ्या विधानाला बदनामीतून सूट आहे, पण ते प्रसिद्ध करणे सार्वजनिक हिताचे असेल तरच. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातले, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारे कलम ६६-अ रद्द केले, म्हणून आता काहीही लिहिता येते, असे सांगणारे भेटतात. फौजदारी बदनामीची तरतूद मात्र त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये वैध ठरवली. सरपंचाने कंत्राट कोणाला दिले हा गावाचा प्रश्न आहे, त्याच्या घरातले भांडण नव्हे.

कापलेल्या क्लिपवर मत देऊ नका. ग्रामसभेत गप्प बसून गटावर गर्जू नका.

आणि चूक कळल्यावर पोस्ट गुपचूप पुसू नका, कारण पुढे गेलेल्या प्रती फिरतच राहतात. मी माझी माफी त्याच फोटोखाली, त्याच गटावर लिहिली आणि ज्यांनी तो फोटो पुढे पाठवला होता त्या सतरा जणांना एकेक फोन करून तीही पुढे पाठवायची विनंती केली. चौघांनी पाठवली.