ट्रकच्या ट्यूबचा वजनपट्टा

मालवणला श्वास रोखून बुड्या मारायला जायचो तेव्हा माझ्याकडे नायलॉनचा वजनपट्टा होता, म्हणजे पाण्यात खाली जाता यावं म्हणून शिशाची वजनं ओवून बांधायचा पट्टा. डोकं खाली करून सूर मारला की तो घसरत बरगड्यांवर यायचा. खोल गेल्यावर पाण्याचा दाब पोटही आवळतो आणि वेटसूटही (थंडीसाठी घालायचा फोमच्या रबराचा सूट). कंबर बारीक होते, नायलॉन मात्र तेवढाच राहतो. रबर आधीच ताणलेलं असतं, त्यामुळे ते कमरेबरोबर आवळत जातं. म्हणून सांगलीत आल्यावर रबराचा पट्टा स्वतःच केला.

शंभर फुटी रोडवरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब घ्या. हवा भरायचा व्हॉल्व्ह आणि जुनी ठिगळं सोडून, रस्त्याकडच्या बाजूने 5 सेंमी रुंद पट्टी सरळ कापा. ताणून उन्हात धरा. बारीक चिरा दिसल्या तर ती ट्यूब नको. दोन पट्ट्या घासून खरखरीत करा, पंक्चरचं सोल्युशन दोन्हींना लावा, सुकत आलं की एकावर एक दाबून रात्रभर वजनाखाली ठेवा.

पट्टा कमरेवर नाही, त्याखाली नितंबाच्या हाडांवर बसतो. माप तिथलंच घ्या. माझं 90 सेंमी आहे, पट्टा मी 80 वर बंद होईल असा ठेवला. बकलसाठी दुमडायला 12 आणि बकलपुढच्या मोकळ्या टोकाला, म्हणजे शेपटीला, 15 सेंमी जास्तीचे धरा. भोकं चांभाराकडून गोल पंचाने पाडून घ्या. चाकूची चीर ताणली की फाटत जाते, गोल भोकाची कड टिकते.

बकलवर पैसे वाचवू नका. डायव्हिंगच्या दुकानातलं स्टेनलेसचं, काट्याचं घ्या. अडचणीत शेपटी एका हाताने ओढली की काटा भोकातून निघून पट्टा गळून पडला पाहिजे. दुमडलेलं रबर दोन स्टेनलेस बोल्टांनी, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर घालून आवळा. पँटचा पट्टा किंवा दोरीची गाठ इथे चालत नाही. बोटं गारठलेली असतात, गाठ सुटत नाही.

आता शिसं. मिरजेत दवाखाने भरपूर, आणि एक्स-रेच्या खोल्यांना शिशाचा पत्रा लावतात. त्या कामातला उरलेला 2 मिमीचा पत्रा मी विकत घेतला. साडेसात सेंमी रुंद, 60 सेंमी लांब पट्टी म्हणजे एक किलो, वर वीसेक ग्रॅम. 30 सेंमीची अर्धा किलो. लाकडाची 5 सेंमी रुंद, पट्ट्यापेक्षा किंचित जाड फळी घ्या, तिच्याभोवती पत्रा लाकडी हातोडीने ठोकत गुंडाळा आणि फळी ओढून काढा. उरलेल्या पोकळीतून पट्टा ओवता येतो, वजनं हवी तशी सरकवता येतात. वरून स्कूटरच्या ट्यूबचा तुकडा चढवा, म्हणजे शिसं हाताला लागत नाही.

घरी शिसं वितळवू नका. वाफ आणि राख दोन्ही विषारी, आणि घरात लेकरं असतात. जुन्या बॅटऱ्या तर फोडूच नका. पत्रा कापताना हातमोजे घाला, कानस मारू नका, काम झालं की हात साबणाने धुवा.

वजन किती? कमीत कमी. छातीपर्यंतच्या पाण्यात, जाणत्या जोडीदाराला शेजारी उभा करून पाहा. नेहमीसारखा श्वास सोडा, हातपाय हलवू नका. डोकं पाण्यावर राहिलं पाहिजे. डोळे बुडाले तर अर्धा किलो काढा. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत मावते, शरीर आपोआप जड होतं. वर जास्त वजन घेतलं तर तिथून परत येणं अवघड जातं. तलावात ठरवलेलं वजन मालवणला पुरत नाही. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड, म्हणजे 70 किलोच्या माणसाला पावणेदोन किलोच्या आसपास जास्त लागतं. ते तिथेच पुन्हा तपासा.

ही पहिली तपासणी पोहण्याच्या तलावातच करा, कृष्णेत नको. भिलवडी, औदुंबरकडे मगरी आहेत, पाणी गढूळ आहे आणि ओढ फसवी आहे. बांधल्यावर पट्ट्यावरून दुसरं काहीही येऊ देऊ नका. मी दर वेळी उतरण्याआधी डोळे मिटून, डाव्या हाताने आणि उजव्या हाताने, तीन-तीनदा शेपटी ओढून पाहतो.

परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, शंखजिऱ्याची पूड लावून गुंडाळा. गच्चीवर वाळत घातलेला माझा पहिला पट्टा एका उन्हाळ्यात तडकला.