स्लेजवर बसण्याआधी पंजा बघा

नॉर्दर्न लाइट्स बघायला नॉर्वेतल्या ट्रोम्सोला येणारी आपली माणसं मला हमखास विचारतात, "कुत्र्यांच्या स्लेजचं, म्हणजे बर्फावरच्या गाडीचं, बुकिंग कुठे करू?" हिवाळ्यात दर शनिवारी मी इथल्या एका केनेलमध्ये, म्हणजे ही कुत्री पाळतात तिथे, हाताखाली काम करते. पण नाव सुचवण्यापेक्षा पारखायचं कसं, ते सांगते. निघायच्या वेळी ही कुत्री उड्या मारत जो गलका करतात, त्यावर जाऊ नका. ओढायची हौस त्यांच्या रक्तातच आहे. पाय दुखत असला तरी ती धावतात. थांबवायचं काम माणसाचं.

पैसे भरण्याआधी विचारा, म्हातारी झालेली कुत्री कुठे जातात? २०१० मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात हिवाळी ऑलिंपिक संपल्यावर धंदा बसला, म्हणून पन्नासहून जास्त स्लेज-कुत्री मारून पुरली गेली. ज्यांच्याकडे याचं सरळ उत्तर नाही, तिथे जाऊ नका.

केनेल ठरलं की तिथे थोडं लवकर पोचा. अलास्कन हस्की, म्हणजे गाडी ओढणारी ही कुत्री, अंगाने सडपातळच असतात, घाबरू नका. हात फिरवल्यावर फासळ्या जाणवाव्यात, पण कमरेची हाडं टोचू नयेत. कुत्रं चालताना समोरून बघा. पुढचा पाय दुखत असेल, तर त्यावर भार पडताना डोकं वर झटकलं जातं.

मग चालकाला म्हणा, "एक पंजा दाखवता का?" स्वतः ओढाताण करू नका. तो बोटं फाकवेल, तेव्हा मधली कातडी बघा. केसांत बर्फाच्या गोळ्या अडकून ती तिथेच सोलवटते. कापडी बूट घालतात ते त्यासाठी. पुढचा पाय मनगटात दुमडताना कुत्र्याने तो ओढून घेतला, तर त्या दिवशी ते घरी राहायला हवं. मनगट आणि खांदा, याच दुखापती जास्त.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात एका कुत्रीच्या बुटाचा वेल्क्रो मी फार घट्ट आवळला आणि विश्रांतीला थांबल्यावर काढायचा विसरले. रात्री तिचं मनगट लिंबाएवढं सुजलं होतं. सकाळी हार्नेस, म्हणजे गाडी ओढायचा पट्टा, दिसताच सगळ्यांत आधी तीच ओरडायला लागली. आठवडाभर तिला घरी ठेवलं. आता गाडी थांबली की आधी बूट काढते, मग स्वतःचा चहा.

गाडी तुम्ही हाकणार असाल, तर उतारावर ब्रेकवरचा पाय काढू नका, नाहीतर गाडी शेवटच्या जोडीच्या मागच्या पायांवर चढते. चढावर उतरून ढकला. एखाद्याची दोरी सैल पडत असेल, तर ते आळशी आहे असं समजू नका, चालकाला हाक मारा.

शर्यतींबद्दलही विचारतात. अलास्कातल्या इडिटारोडमध्ये सुमारे १६०० किलोमीटर धावायचं, एकदा २४ तासांची आणि दोनदा ८ तासांची सक्तीची विश्रांती, वाटेत पशुवैद्य. २०१९ मध्ये संघातली कुत्री १६ वरून १४ वर आणली होती. तरी २०२४ मध्ये ३ कुत्री मेली. एवढं लांब अंतर कुत्र्यांकडून धावून घेणं मला पटत नाही. इथल्या केनेलमधली माझी माणसं माझ्याशी यावर वाद घालतात.

आणि पारा शून्याच्या वर असेल, ऊन असेल, तर फेरी छोटी करा असं तुम्हीच सांगा. दाट केसांची ही कुत्री थंडीत नाही, उन्हात दमतात. पैसे मात्र पूर्ण द्या.