गुन्हा कबूल केल्यावर अपील होतं का?
दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसमध्ये अनेकजण घाईने ‘गुन्हा कबूल’ म्हणून मोकळे होतात. कृपया आधी वकिलाला विचारा. कारण कबुलीवरून दोषी ठरल्यावर त्या निकालाविरुद्ध अपील होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले कसे चालवायचे ते ठरवणारा कायदा) कलम ४१६ तसं स्पष्ट सांगतं. अपील उरतं ते फक्त शिक्षेपुरतं, म्हणजे शिक्षा अवाजवी किंवा बेकायदा असेल तर. ते सत्र न्यायालयात, ३० दिवसांत.

आरोप समजावून न सांगताच कबुली घेतली असेल, तर पुनरीक्षण अर्ज (खालच्या कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टाने तपासावा, असा अर्ज) करता येतो. त्याला ९० दिवस. कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवायची असते. म्हणून नक्कल अर्ज करून निकालासोबत रोजनामा (तारखेनुसार कोर्टाच्या कामकाजाची नोंद) आणि कबुलीजबाबाचीही प्रमाणित प्रत काढा. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत.