घरात तिघं एकदम खेळतात आणि पिंग उडतो? आधी हे बघा

आमच्याकडे मी, धाकटा भाऊ आणि चुलतभाऊ, तिघं रात्री एकाच राउटरवर, पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) ३० वरून थेट ३०० आणि मग एकमेकांवर आरडाओरडा. प्लॅन वाढवायची घाई करू नका. गेम खेळताना डेटा फार कमी लागतो, पण कुणाचे तरी फोटो क्लाउडवर अपलोड होत असतात, राउटरमध्ये रांग लागते आणि तुमच्या गेमच्या डेटाचं इवलंसं पॅकेट त्यात अडकतं. बघायचंय? पीसीवर ८.८.८.८ ला (गुगलचा सर्व्हर) सतत पिंग चालू ठेवा आणि फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोड करा, आकडे चढले की चोर सापडला. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस (ही रांग आटोक्यात ठेवणारी सेटिंग) असेल तर चालू करा, लिमिट खऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्के टाका, आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

जमेल त्याला लॅन केबल, बाकीच्यांना ५ गिगाहर्ट्झचं वायफाय.

एकाला लॉबी मिळते, दुसऱ्याला नॅट स्ट्रिक्ट दाखवतं? नॅट म्हणजे राउटर घरातल्या सगळ्यांना एकाच आयपी पत्त्यावरून बाहेर नेतो ती पद्धत, स्ट्रिक्ट म्हणजे बाहेरच्या खेळाडूंचं कनेक्शन आत येत नाही. एकच पोर्ट (गेमचा डेटा आत यायचा नंबरवाला दरवाजा) दोन कन्सोलला फॉरवर्ड होत नाही, राउटरमधले ते जुने फॉरवर्डिंगचे नियम उडवा, यूपीएनपी (लागेल तो पोर्ट आपोआप उघडणारी सेटिंग) चालू करा, सगळं रीस्टार्ट. इंटरनेट कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा राउटर लावला असेल तर डबल नॅट होतं, म्हणजे दोघंही नॅट करतात, एकाला ब्रिज मोडवर (त्याचं नॅट बंद) टाका. तरीही अडलं तर राउटरचा वॅन आयपी (कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) बघा, त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ मधली असेल तर ते सीजीनॅट, म्हणजे कंपनीनेच बऱ्याच ग्राहकांना एका पब्लिक आयपीमागे ठेवलंय, सेटिंगने सुटणार नाही, कंपनीला फोन करून पब्लिक आयपी मागा.