सुरुंगरोधक गाडीत बसायचं कसं

पुतण्याची बदली गडचिरोलीला झाली. फोनवर म्हणाला, "काका, तुम्ही काश्मिरात ती सुरुंगरोधक गाडी, कॅस्पिर, चालवायचात ना? त्यात बसलं की माणूस वाचतो?" म्हटलं, गाडी तिचं काम करते, तू तुझं काम शीक. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

चढण्याआधी एकदा वाकून गाडीचं पोट बघ. होडीसारखं खाली निमुळतं दिसेल. खाली सुरुंग फुटला की मार दोन्ही अंगांनी बाहेर निघून जावा, यासाठी तो आकार. कॅस्पिर दक्षिण आफ्रिकेची, नामिबियाच्या सरहद्दीवरच्या लढाईत वापरलेली. नावात दक्षिण आफ्रिकेचं पोलीस दल एसएपी आणि संशोधन संस्था सीएसआयआर यांचीच अक्षरं उलटसुलट केलीत. चाकाखाली 21 किलो आणि पोटाखाली 14 किलो टीएनटी, म्हणजे स्फोटक, सोसेल, असा तिचा हिशोब. चाक उडालं तर उडू दे, ते बोल्टवर असतं, नवीन बसतं. तुझा पाय बोल्टवर नाही.

म्हणून आधी पायांचं बोलतो. स्फोटात तळाचा पत्रा क्षणात वर उसळतो. टाच त्यावर टेकलेली असेल तर टाचेचं आणि नडगीचं हाड जातं, गाडी फुटलेली नसली तरी. नव्या गाड्यांत सीट तळाला न ठोकता भिंतीला किंवा छताला लटकवतात, ते याचसाठी. सीटलाच फूटरेस्ट असेल तर पाय तिथे ठेव. ते उकिडवं बसल्यासारखं वाटतं, दोन तासांत गुडघे आखडतात, ठेव तरी.

बेल्ट लावताना आधी कमरेचा, अगदी खाली, हाडावर घट्ट, मग खांद्यांचे. पाठ सीटला चिकटलेली हवी. पुढे झुकून डुलकी काढणाऱ्याचा कणा आधी दुखावतो. हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली लावलेली असावी. उकडतं म्हणून सोडणारे बरेच पाहिलेत.

आता सुटं सामान. जेरीकॅन, दारूगोळ्याची पेटी, जॅक, टॉमी, थर्मास, जे बांधलेलं नाही ते गोळीसारखं उडतं. आमच्याकडे सुरुंग नव्हे, नुसता खड्डा आला होता. मी ब्रेक मारला आणि एका पोराच्या घरून आलेला बेसनलाडवांचा स्टीलचा डबा समोरच्याच्या भुवईवर बसला. पाच टाके. त्या दिवसापासून मी गाडी सुरू करण्याआधी मागे जाऊन प्रत्येक पट्टा हाताने ओढून बघायचो. लोक वैतागायचे, "उस्ताद, चला की."

ड्रायव्हर होणार असशील तर आणखी एक. ही गाडी अकरा टनांच्या आसपासची आणि उंच. वळणावर वेग ठेवलास किंवा रस्त्याची मऊ कड धरलीस की कलंडते. इराकमध्ये 2007 पासून अमेरिकनांनी अशा गाड्या भराभर उतरवल्या, आणि उलटून जखमी होणं हीच त्यांची मोठी डोकेदुखी झाली. उलटलीच तर बेल्टचं बटण लगेच दाबू नकोस. तू टांगलेला असतोस, सरळ डोक्यावर पडशील. आधी एक हात छताला टेकव, मग बटण.

स्फोटानंतर सगळ्यांना बाहेर उडी मारावीशी वाटते. तीच चूक. आजूबाजूला दुसरा सुरुंग असू शकतो, झाडीत बंदूकही. कमांडर सांगेपर्यंत आत बसायचं, आपल्या शेजारच्याचा आवाज येतोय का ते बघायचं. उतरायची वेळ आली तर मागच्या चाकोरीतूनच चालायचं, ज्यावरून गाडी आलीय.

गाडीवर फार भिस्त ठेवू नकोस. 21 किलो हा कारखान्यातला आकडा, पेरणारा तो वाचून पेरत नाही. रस्ता आधी पायी तपासणाऱ्या रोड ओपनिंग पार्टीने हिरवा कंदील दिल्याशिवाय निघू नये. आणि सुरुंगरोधक नाही म्हणून साध्या गाडीत दाटीवाटीने बसायचं तर त्याहून नको. 1 मे 2019 ला गडचिरोलीतच जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात पंधरा जवान आणि ड्रायव्हर गेले, ते साध्या खासगी गाडीतच होते. रस्त्याचा भरवसा नसेल तर अंतर पाळून चालत जा, उशीर झाला तर होऊ दे.

पुतण्या म्हणाला, "काका, एवढं सगळं लक्षात कसं राहील?" म्हटलं, पाय, बेल्ट, सामान, एवढं म्हण. बाकी सवयीने येईल.

वहिनींनी जाताना लाडू दिलेच. मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत.